पापलेट: ओळखीपासून ताटापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासे खायला नुकतीच सुरुवात केली आहे. पहिला मासा म्हणून पापलेटच का सुचवतात?

पापलेटला उग्र वास नसतो, काटे मोजके असतात आणि मांस पांढरंशुभ्र, मऊ, जरासं गोडसर लागतं. मधोमध एक मोठा काटा आणि परांच्या कडेने बारीक काट्यांची रांग, एवढं सांभाळलं की बाकी सगळं खायचंच. म्हणून घरात लहान मुलांना पहिला घास याचाच भरवतात आणि माशाच्या वासाने नाक मुरडणारा पाहुणाही पापलेटला सहसा नाही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. चव हळुवार असल्यामुळे या माशात आपली चूक लपत नाही. बांगड्याला भरपूर मसाला चालतो, तो पचवून वर त्याची स्वतःची चव उरते. पापलेटवर तेवढाच मसाला घातला तर ताटात फक्त मसाला राहतो आणि एवढे पैसे मोजून आणलेला मासा कुठे गेला ते कळतच नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच धागा आहे: चांगलं पापलेट आणा आणि मग त्याला कमीत कमी त्रास द्या.

पापलेट म्हणजे नेमका कोणता मासा?

रुपेरी, चपटा, समोरून पाहिला तर अगदी पातळ आणि बाजूने पाहिला तर जवळपास गोल. त्याचं शास्त्रीय नाव पुस्तकांतून वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस असं दिलं जात होतं. अलीकडे संशोधकांनी जनुकं आणि शरीररचना तपासून भारताच्या किनाऱ्यावरचं पापलेट वेगळं मानलं आहे आणि त्याला पॅम्पस कँडिडस म्हणायला सुरुवात केली आहे. स्वयंपाकघरात याने काही फरक पडत नाही, पण जुन्या आणि नव्या पुस्तकांत दोन नावं दिसली तर गोंधळू नका.

ओळखीची एक चांगली खूण त्याच्या पोटाशी आहे. बहुतेक माशांना पोटाखाली परांची एक जोडी असते, मोठ्या पापलेटला ती नसते. पोटाची कड सरळ, गुळगुळीत असते. खवले इतके बारीक आणि सैल की हाताळतानाच निघून येतात. किनाऱ्यालगतच्या गाळाच्या तळावर, थव्याने हा मासा राहतो. तो समुद्रातले बारीक जीव खातो, जेलीफिशसारखे मऊ जीवही त्याच्या खाण्यात असतात.

बाजारात पापलेट म्हणून आणखी काय काय मिळतं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पैशांचा मोठा फरक इथेच पडतो.

कापरी पापलेट हे खऱ्या पापलेटचं सख्खं भावंड. त्याला चायनीज पापलेटही म्हणतात. अंग जास्त रुंद आणि जाड, रंग थोडा करडा. रुपेरी पापलेटचे वरचे-खालचे पर विळ्यासारखे वळलेले असतात आणि शेपटीची खालची पाकळी वरच्यापेक्षा लांब असते. कापरीचे पर आखूड, त्रिकोणी असतात. कापरी मिळालं तर निःशंक घ्या. मांस भरदार असतं आणि भरून करायला तर ते फारच छान.

हलव्याला इंग्रजीत काळं पापलेट म्हणतात, पण त्याचं कूळच वेगळं. शेपटीच्या बुडाशी बोट फिरवलं तर खरखरीत, कडक खवल्यांची रेघ लागते. मांस घट्ट आणि चव ठळक असते. कालवणात हलवा माझ्या मते पापलेटच्या तोडीस तोड आहे आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतो. हलवा म्हणून घ्या, हलव्याच्या दराने घ्या.

पॉम्पानो हा हलव्याच्या कुळातला. तो आता भारतात खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यात पाळतात. अंगावर सोनेरी झाक असते, मांस पांढरं आणि थोडं तेलकट. चांगला मासा आहे.

आणि रूपचंद. हा गोड्या पाण्यातला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे तळ्यांत वाढवलेला. लहान असताना गोलसर, चपटा दिसतो, त्यामुळे नवख्या माणसाला सहज पापलेट वाटतो. पोटाकडे तांबूस रंग, तोंडात माणसासारखे रुंद दात आणि शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटासा मांसल पर, या तीन खुणा पाहिल्या की चूक होणार नाही. रूपचंद खाणं वाईट नाही, पण त्याला समुद्राची चव नाही. समुद्रापासून दूरच्या शहरांत, विशेषतः सोलून तुकडे करून ठेवलेला मासा घेताना, डोकं आणि शेपूट दाखवायला सांगा.

ताजं पापलेट कसं ओळखायचं?

मुंबईच्या बाजारात जुन्या गिऱ्हाइकाला पाहा. ती पापलेट हातात घेते आणि डोक्याजवळ, कल्ल्याच्या झाकणावर अंगठ्याने दाबते. पांढरट, दुधासारखं पाणी आलं तर मासा ताजा. लालसर, तपकिरी पाणी आलं तर तो ठेवून ती पुढच्या पाटीकडे वळते. ही परीक्षा पापलेटला चांगली लागू पडते, पण एकट्या तिच्यावर विसंबू नका.

कल्ला उचलून आत बघा. आतला रंग लाल किंवा गडद गुलाबी हवा. विटकरी, करडा किंवा चिकट असेल तर नको. डोळा भरलेला आणि स्वच्छ हवा, आत गेलेला नको. अंगावर बोट दाबून उचललं की खळगा लगेच भरून यायला हवा. कातडीवर चांदीची चमक हवी. थोडे खवले गेलेले असतील तर काळजी नको, ते जाळ्यात आणि पाटीतही जातात, पण पिवळट डाग पोटाकडे दिसले तर मासा जुना झाला आहे. पोट फुगलेलं किंवा फुटलेलं असेल तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका.

शेवटी नाक. ताज्या पापलेटला समुद्राच्या पाण्याचा सौम्य वास येतो. नाकाला झोंबणारा वास असेल तर कोकम, लिंबू, लसूण यांपैकी काहीही त्याला वाचवणार नाही.

केवढं पापलेट घ्यावं?

एका माणसाला एक अख्खं द्यायचं असेल तर २५० ते ३०० ग्रॅमचं पुरतं. भरून करायला ३५० ते ४५० ग्रॅमचं सोयीचं, कारण चटणीला जागा मिळते आणि आतपर्यंत शिजतंही. कालवणाच्या तुकड्यांसाठी अर्धा किलो किंवा त्याहून मोठं घ्या. पापलेटचा किलोचा भाव आकाराबरोबर वाढतो, म्हणजे मोठ्या नगाला वजन जास्त म्हणून पैसे जास्त आणि वर दरही जास्त.

आणि तळहातात मावणारी, वाट्यावर लावलेली पिल्लं घेऊ नका. हे कळकळीने सांगावंसं वाटतं. एवढ्या माशात खायला मांस जवळजवळ नसतं, चवही भरलेली नसते, आणि तो मासा अजून एकदाही व्यालेला नसतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. त्यात रुपेरी पापलेटसाठी १३५ मिलिमीटर ही मर्यादा आहे. ही अगदी खालची रेषा आहे. चवीचा विचार केला तर याच्या बऱ्याच वर जाऊनच खरेदी करावी. बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लं अडकतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळतं, म्हणून ती येत राहतात. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या मच्छीमाराला विचारा, पूर्वी पापलेट किती मिळायचं आणि आता किती मिळतं ते तो सांगेल. कायदा समुद्रावर चालवणं कठीण आहे. पाटीसमोर नको म्हणणं आपल्या हातात आहे.

वर्षातून कधी चांगलं मिळतं?

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नेहमीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा. मात्र कोळीवाड्यांत खरी सुरुवात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच मानतात. त्यानंतरचे महिने, साधारण सप्टेंबरपासून थंडी सुरू होईपर्यंत, पापलेटचे. याच काळात मासा भरलेला असतो. जून-जुलैत दुकानात दिसणारं पापलेट बहुधा शीतगृहातलं किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेलं असतं, तेव्हा ‘आजचंच आहे’ या शब्दावर जाऊ नका. त्या दोन महिन्यांत सुकी मच्छी खाण्याची आपली पद्धत शहाणपणाची आहे.

सातपाटीच्या पापलेटचं एवढं नाव का?

पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे बंदर पिढ्यान्‌पिढ्या पापलेटसाठी ओळखलं जातं. समोरचा गाळाचा, फार खोल नसलेला समुद्र या माशाला मानवतो. तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था जुन्या आहेत आणि आकारानुसार प्रतवारी करून पापलेट विकण्याची रीतही. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून घोषित केलं गेलं, त्यामागे या पट्ट्यातल्या मच्छीमारांची मागणी होती. मान मिळाला, आता मासाही टिकायला हवा, अशीच तिथली भावना आहे.

कापून घेताना काय सांगायचं?

आधी ठरवा की करायचं काय, मग मासे विकणाऱ्या मावशींना सांगा. अख्खं तळायचं किंवा भाजायचं असेल तर कल्ले आणि आतडी काढून, पर कापून, दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा मारून घ्या. चिरा मधल्या काट्यापर्यंत जायला हव्यात, नाहीतर मीठ वरच राहतं. भरायचं असेल तर पोट फाडू नका म्हणून आवर्जून सांगा. पाठीकडून काट्याच्या दोन्ही अंगांनी खिसा करून देतात. कालवणाला बोटभर जाडीच्या आडव्या तुकड्या. त्याहून पातळ केल्या तर रश्श्यात विरघळतात.

डोकं टाकून देऊ नका. रश्श्याला खरी चव तेच देतं. आत गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, निघाली तर ती वेगळी मागून घ्या, हळद-मीठ-तिखट लावून मंद आचेवर परतली की झालं.

किती वेळा धुवायचं?

अख्खा मासा साफ करून एकदा आणि तुकड्या केल्यावर एकदा. मधल्या काट्याला चिकटलेलं काळपट रक्त बोटाने खरवडून काढा, वास त्याचाच असतो. तुकड्या पाण्यात बुडवून ठेवणं आणि पाचपाच वेळा चोळून धुणं, दोन्ही नको. गोडवा पाण्याबरोबर निघून जातो.

तळताना पापलेट तव्याला चिकटतं, तुटतं. काय चुकतं?

बहुतेकदा तीन गोष्टी: मासा ओला असतो, तवा पुरेसा तापलेला नसतो आणि उलटायची घाई होते.

धुतल्यावर पापलेट फडक्याने कोरडं टिपून घ्या. हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ किंवा लिंबाचा रस लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. लिंबात तासभर ठेवू नका. आंबटाने मांस आधीच पांढरं पडून घट्ट होतं आणि तळल्यावर भुसभुशीत लागतं. मग आलं-लसणाचं वाटण आणि लाल तिखट चोळा. दोन तुकड्यांना अर्धा चमचा वाटण खूप झालं. जाड थर लावला तर तो तेलात जळतो आणि मासा कडवट होतो.

वरून तांदळाचं पीठ लावायचं की रवा, यावर घराघरांत मतं आहेत. रव्याने कुरकुरीतपणा जास्त येतो, पण तो तेलही जास्त पितो. माझं माप असं: तीन भाग तांदळाचं पीठ, एक भाग बारीक रवा, किंचित मीठ. तव्यावर घालायच्या क्षणीच घोळवा आणि जास्तीचं पीठ झटकून टाका. आधी घोळवून ठेवलं तर पीठ ओलं होऊन सुटतं.

बिडाचा तवा चांगला तापवा, तेल घाला, तेल तापलं की आच मध्यम करून मासा सोडा. आता तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालचा थर तयार झाला की मासा आपोआप तवा सोडतो; उलथनं घातल्यावर अडत असेल तर अजून वेळ आहे. एकदाच उलटा. चिरेत डोकावून पाहा, काट्याजवळचं मांस काचेसारखं न दिसता दुधासारखं पांढरं झालं आणि काट्यापासून सुटायला लागलं की उतरवा. त्यापुढचं प्रत्येक मिनिट पापलेटला कोरडं करतं. हॉटेलात बऱ्याचदा लालभडक, कडक पापलेट समोर येतं आणि लोकांना वाटतं ते तसंच असतं. घरी एकदा नीट तळून बघा.

कालवण कसं करावं?

एकच एक पद्धत नाही. कोळीवाड्यात लसूण ठेचून तेलात, त्यावर हळद आणि घरचा मसाला, चिंचेचा कोळ, पाणी. रस्सा उकळला की तुकड्या. कित्येक घरांत यात खोबरं नसतंच आणि ते छानच लागतं. दक्षिण कोकणात ओलं खोबरं, धणे, सुक्या ब्याडगी मिरच्या, हळद आणि थोडा कांदा यांचं गंधासारखं बारीक वाटण, आंबटाला कोकम. गोव्याचं हुमण याच कुळातलं. वाटण जितकं मऊ तितका रस्सा चांगला. खोबऱ्याची कणी दाताखाली आली की पापलेटचा मऊपणा बिघडतो.

वसई-पालघरकडे पाचकळशी आणि वाडवळ घरांतलं भुजणं पापलेटसाठी अगदी योग्य आहे, आणि ते अजून कितीतरी लोकांनी खाल्लेलं नाही याची रुखरुख वाटते. कांदा बारीक चिरून, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, हळद, मीठ, थोडं आंबट आणि तेल हे सगळं कच्चंच हाताने कालवायचं, त्यात तुकड्या ठेवायच्या, जेमतेम पाणी घालायचं आणि झाकून मंद आचेवर शिजवायचं. फोडणी नाही, परतणं नाही. माशाचं स्वतःचं पाणी सुटतं आणि तोच रस.

सगळ्या पद्धतींना लागू असे दोन नियम: रस्सा आधी पूर्ण शिजवा, आंबट घाला, मीठ चाखा, आणि तुकड्या अगदी शेवटी सोडा. पाच ते सात मिनिटं पुरतात. आणि डाव घालू नका. भांडं दोन्ही बाजूंनी फडक्यात धरून हलकेच फिरवा.

भरलेलं पापलेट आणि पात्रानी मच्छी यांत काय फरक?

भरलेल्या पापलेटात चटणी आत असते आणि मासा तव्यावर तेलात होतो. हिरवी खोबऱ्याची चटणी चालते किंवा गोव्याचा व्हिनेगर घातलेला लाल रेशाद मसाला. पात्रानी मच्छी ही पारशी घरांतली. खोबरं, कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, लिंबू आणि चिमूटभर साखर यांची चटणी माशाला सगळीकडून लावून, केळीच्या पानात गुंडाळून वाफवायची. पान आधी आचेवर फिरवून घ्या म्हणजे दुमडताना फाटत नाही. साधारण ३०० ग्रॅमच्या पापलेटला पंधरा मिनिटांची वाफ पुरते. पापलेटची मूळ चव समजून घ्यायची असेल तर मी वाफेलाच पहिली पसंती देईन.

तिरफळं घालावीत का?

नको. तिरफळं हा कोकणातला उग्र वासाचा मसाला; तो बांगड्याला आणि तारलीला ठेवा.

परदेशात पापलेटऐवजी काय घ्यावं?

कुवेत आणि आखाती देशांत प्रश्नच नाही. तिथे पापलेटला झुबैदी म्हणतात आणि कुवेतमध्ये त्याला आपल्यासारखाच मान आहे. इंग्लंड-अमेरिकेत आशियाई दुकानांत गोठवलेलं रुपेरी पापलेट मिळतं. वेष्टनावर ‘गोल्डन पॉम्पानो’ लिहिलं असेल तर तो वर सांगितलेला पाळीव मासा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बटरफिश नावाचा छोटा मासा पापलेटच्याच कुळातला आहे, पण थोडा जास्त तेलकट. अख्खा मासा तळायचा असेल तर सी ब्रीम चांगला. कॉड आणि हॅडकच्या कालवणाला हरकत नाही, मात्र त्यांचं मांस पाकळ्यांसारखं सुटतं, म्हणून तुकडे मोठे ठेवा आणि वेळ कमी द्या.

किती दिवस टिकतं? फ्रीझरमध्ये ठेवलं तर चालेल का?

साफ करून, कोरडं टिपून, फ्रिजच्या सर्वांत थंड भागात एक दिवस, फार तर दोन. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर आणल्या दिवशीच गोठवा. एका जेवणाला लागेल एवढ्याच तुकड्यांची पुडी करा, हवा काढून घट्ट बांधा, वर तारीख लिहा. उणे १८ अंशांवर दोन-तीन महिन्यांत संपवा. वापरायच्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. ओट्यावर किंवा गरम पाण्यात सोडवलं तर कडा सैल पडतात आणि आत बर्फ तसाच राहतो. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवू नका. गोठवलेलं पापलेट तळण्यापेक्षा कालवणात किंवा भुजण्यात बरं लागतं.

उरलेलं कालवण दुसऱ्या दिवशी कसं गरम करावं?

तुकड्या अलगद बाहेर काढा, रस्सा एकटाच उकळा, गॅस बंद करा, मग तुकड्या परत सोडून झाकण ठेवा. पाच मिनिटांनी वाढा, सोबत तांदळाची भाकरी.